रेणूची नोंदवही

भाईंदरच्या खाडीलगत, राई, मुर्धा, मोर्वा या गावांच्या आसपास पिढ्यानपिढ्या मीठ पिकत आले. भरतीचे पाणी बांध घातलेल्या वाफ्यांत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हावर आटवायचे आणि तळाशी खडे धरले की ते ओढून ढीग लावायचे. पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत आगरी कुटुंबांनी हे काम वर्षानुवर्षे केले. २००२ मध्ये मिरा-भाईंदर महानगरपालिका झाली, इमारती वाढल्या, मिठागरे आक्रसत गेली. तरी लोकलच्या खिडकीतून दिसणारे ते पांढरे ढीग जुन्या प्रवाशांना चांगले आठवतात.

शाळेच्या पुस्तकात या मिठाचे सूत्र फार सोपे असते: एक सोडियम, एक क्लोरीन. वाचणाऱ्याला वाटते, की ढिगातल्या प्रत्येक खड्यात अशा जोड्या खच्चून भरलेल्या असणार. तशा त्या नसतात. विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या मदतीने मिठाची रचना उलगडली, तेव्हा प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम आढळले. कोण कोणाचा जोडीदार, हे ठरवायला जागाच नव्हती. हेन्री आर्मस्ट्राँग हे जुन्या पिढीतले नामवंत ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ. त्यांना हे इतके खटकले, की १९२७ मध्ये त्यांनी ‘नेचर’ला पत्र लिहून बुद्धिबळाच्या पटासारख्या या मांडणीवर कडाडून टीका केली. ब्रॅग बरोबर होते.

मिठाचा सुटा रेणूही असतो, पण तो वाफेत. मीठ खूप तापवून त्याची वाफ केली, की सोडियम आणि क्लोरीन खरोखरच जोडीने सापडतात. त्या जोडीत दोन अणूंमधले अंतर २.३६ अँगस्ट्रॉम भरते. खड्यात तेच अंतर २.८२ असते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्ही सोडियम क्लोराइडचेच आहेत. वाफ की स्फटिक, हे आकड्याशेजारी लिहिलेले नसेल, तर दोन्ही निरुपयोगी ठरतात. संगणकावर रेणूचे गणित मांडणाऱ्यांना तर हे पावलोपावली भोगावे लागले. आकडा काढायला जेवढे कष्ट पडतात, तेवढेच तो दुसऱ्याला तपासता येईल असा नोंदवायला आणि डोळ्यांना दिसेल असा मांडायला पडतात. या दुसऱ्या कामात महाराष्ट्राचा, विशेषतः पुण्याचा, मोठा वाटा आहे. त्याची जितकी आठवण ठेवायला हवी, तितकी आपण ठेवलेली नाही.

गोष्ट १९२६ पासून धरावी लागते. त्या वर्षी इलेक्ट्रॉनांचे वर्तन सांगणारे श्रोडिंगर यांचे समीकरण आले. हायड्रोजनच्या एकट्या अणूसाठी ते नेमके सुटते. दुसरा इलेक्ट्रॉन आला की अडते. पॉल डिरॅक यांनी १९२९ मध्येच सांगून टाकले होते, की रसायनशास्त्राला लागणारे मूलभूत नियम आता हाती आहेत, अडचण आहे ती त्यांतून निघणारी समीकरणे सोडवण्याची. मग अंदाजांची वाट शोधणे आले. केंब्रिजच्या सॅम्युअल फ्रान्सिस बॉइज यांनी १९५० मध्ये दाखवले, की इलेक्ट्रॉनांचे वर्णन गाउसच्या घंटाकृती फलनांची बेरीज करून करता येते आणि त्यामुळे अवघड समाकलने झटपट निघतात. १९५१ मध्ये क्लेमेन्स रूथान यांनी सगळा हिशेब मॅट्रिक्सच्या रूपात आणला. आता आकडेमोड करणारे यंत्र तेवढे हवे होते.

मुंबईत ते यंत्र तयार होत होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या तरुणांनी १९५६ मध्ये एक प्रायोगिक संगणक चालवून दाखवला आणि त्यावरून पूर्ण आकाराचे यंत्र बांधले. ते १९६० मध्ये कामाला लागले; १९६२ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याची स्मृती होती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आज एखाद्या साध्या रेणूच्या गणिताची आउटपुट फाइलसुद्धा त्यात मावणार नाही. पण परदेशातून यंत्र विकत आणण्याआधी ते स्वतः बांधून बघण्याची हिंमत या मंडळींनी दाखवली, आणि पुढच्या चाळीस वर्षांच्या गोष्टीत ही हिंमत पुन्हा भेटते. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकन संगणक आला. फोर्ट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहायचा, पंचकार्डांवर उतरवायचा, गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि लाइन प्रिंटरवरून येणाऱ्या घड्यांच्या लांबलचक कागदाची वाट बघायची, अशी ती शिस्त होती.

त्या कार्डांनी नोंदीच्या पद्धतीवर कायमचा ठसा ठेवला. एका कार्डावर ८० रकाने असत, म्हणून एका ओळीत ८० अक्षरे. अमेरिकेत ब्रुकहेवन येथे १९७१ मध्ये प्रथिनांच्या रचनांची जी पेढी सुरू झाली, तिच्या फाइलींत प्रत्येक अणूसाठी एक ओळ ठरली आणि त्या ओळीत एक्स निर्देशांक ३१ ते ३८ या रकान्यांत, वाय ३९ ते ४६ मध्ये, झेड ४७ ते ५४ मध्ये. कार्डे कधीच रद्दीत गेली. रकान्यांची ही शिस्त इतकी मुरली, की फाइलींचे नवे साचे आले तरी जुना साचा वाचणारे प्रोग्रॅम आजही जगभर चालतात. दरम्यान, अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात १९६३ पासून क्वांटम रसायनाच्या प्रोग्रॅमांची देवाणघेवाण करणारे एक केंद्र उभे राहिले होते. जॉन पोपल यांच्या गटाचा ‘गाउसियन ७०’ त्याच वाटेने प्रयोगशाळांत पोहोचला. आपण लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने चालवावा आणि त्याला तेच उत्तर मिळावे, ही अपेक्षा तिथून रुजली.

तेच उत्तर मिळणे का अवघड, हे पाण्याच्या रेणूवरून कळते. दहा इलेक्ट्रॉन, तीन अणू. ऑक्सिजन-हायड्रोजन अंतर ०.९५८ अँगस्ट्रॉम, मधला कोन १०४.५ अंश. याची एकूण ऊर्जा हार्ट्री-फॉक पद्धतीने, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीच्यांचा फक्त सरासरी परिणाम जाणवतो असे मानून, काढायला गेले, तर कितीही चांगली फलने घेतली तरी आकडा उणे ७६.०७ हार्ट्रीच्या आसपास येऊन थांबतो. खरी किंमत मात्र उणे ७६.४४ च्या जवळ आहे. फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही. पण एक हार्ट्री म्हणजे मोलमागे सुमारे ६२७.५ किलोकॅलरी, म्हणजे हा ‘किरकोळ’ फरक २३० किलोकॅलरींच्या घरात जातो. पाण्याच्या दोन रेणूंना धरून ठेवणारा हायड्रोजन बंध अवघा पाचेक किलोकॅलरींचा असतो. ज्याच्या शोधात रसायनशास्त्रज्ञ निघाला, त्याच्या पन्नासपट मोठी चूक पद्धतीतच बसलेली आहे. सुदैवाने दोन्ही बाजूंना तीच चूक असली, की वजाबाकीत ती बरीचशी निघून जाते. मात्र त्यासाठी दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आणि एकाच बेसिस सेटचे, म्हणजे फलनांच्या एकाच संचाचे, असावे लागतात, आणि तसे ते आहेत हे वाचणाऱ्याला दिसावे लागते.

पोपल यांच्या परंपरेतून यासाठी एक आटोपशीर लिपी तयार झाली. आधी पद्धतीचे नाव, मग तिरकी रेघ, मग बेसिस सेट: एचएफ/६-३१जी-स्टार. रेणूचा आकार एका स्वस्त पद्धतीने ठरवला आणि ऊर्जा दुसऱ्या महाग पद्धतीने काढली असेल, तर दोन तिरक्या रेघा ओढून उजवीकडे आकाराची पद्धत लिहायची. ही एवढीशी खूण पाहिली की जाणकाराला आकड्याची सगळी वंशावळ कळते. १९९८ मध्ये पोपल आणि वॉल्टर कोन यांना नोबेल मिळाले ते अर्थातच पद्धतींसाठी. पण हजारो प्रयोगशाळांच्या निकालांची आपसात तुलना करता येऊ लागली, त्याचे बरेचसे श्रेय या दोन रेघांना द्यायला हवे.

ऊर्जा हा एकच आकडा असतो, तो रकान्यात बसतो. रेणूभोवतालच्या अवकाशाचे काय? इलेक्ट्रॉन कुठे दाट आहेत, कुठे विरळ. बाहेरून एखादा धन प्रभार जवळ आला तर कुठल्या बाजूने ओढला जाईल, कुठून ढकलला जाईल? प्रत्येक बिंदूला एक किंमत आणि बिंदू असंख्य. सत्तरच्या दशकात इटलीतल्या पिसा येथे स्क्रोक्को आणि तोमासी यांच्या गटाने रेणूच्या विद्युत विभवाचे नकाशे समोच्च रेषांनी काढायला सुरुवात केली. रेणूतून एक सपाट छेद घ्यायचा आणि समान किमतीचे बिंदू रेषेने जोडायचे. नकाशे सुंदर होते आणि रसायनशास्त्रज्ञांना त्यांतून लगेच काही सांगताही येई. पण छेद बदलला की नकाशा बदलायचा, आणि कोणता छेद घ्यायचा हे काढणाऱ्याच्या मर्जीवर असायचे.

इथे पुणे विद्यापीठ गोष्टीत येते. श्रीधर गद्रे यांनी आयआयटी कानपूरमध्ये पीएचडी केली, अमेरिकेत रॉबर्ट पार यांच्याबरोबर घनता-फलन सिद्धांतावर काम केले आणि पुण्याच्या रसायनशास्त्र विभागात ते रुजू झाले. विद्युत विभवाच्या नकाशाकडे त्यांनी भूगोलाच्या नजरेने बघितले. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर सह्याद्रीचा पट्टा पाहिला, तर हजारो समोच्च रेषांतून काही मोजक्याच जागा महत्त्वाच्या ठरतात: शिखरे, दऱ्यांचे तळ आणि नाणेघाटासारख्या खिंडी. या जागा, त्यांची उंची आणि प्रकार एवढे लिहून ठेवले, तर डोंगररांगेचा सांगाडा हाती येतो. रेणूच्या विभवाचेही तसेच करायचे. ज्या बिंदूंवर उतार शून्य होतो ते सगळे शोधायचे आणि प्रत्येकाची जागा, किंमत व प्रकार नोंदवायचा. कागदभर नकाशाऐवजी दहावीस ओळींचा तक्ता, आणि तो छेदाच्या निवडीवर अवलंबून नसलेला.

या तक्त्यात शिखरे किती असणार, याचे उत्तर १९९० मध्ये पुणे विद्यापीठाच्याच भौतिकशास्त्र विभागातले राजीव पाठक आणि गद्रे यांनी दिले. अणुकेंद्रांवर विभवाची शिखरे असतातच. त्यांच्याखेरीज रेणूत कुठेही शिखर असू शकत नाही. सिद्धता विलक्षण सोपी आहे. शिखरावर सगळ्या दिशांनी उतारच असतो, म्हणजे तिन्ही दिशांच्या वक्रतांची बेरीज ऋण हवी. पण पॉइसाँ यांचे एकोणिसाव्या शतकातले समीकरण सांगते, की अणुकेंद्रांपासून दूर ही बेरीज त्या जागच्या इलेक्ट्रॉन घनतेच्या प्रमाणात असते, आणि घनता कधी ऋण होत नाही. म्हणून शिखर अशक्य. दीडशेहून अधिक वर्षे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या समीकरणातून पुण्यात कोणीतरी हा निष्कर्ष काढतो, यातला आनंद गणिताची आवड असलेल्या कोणालाही कळेल.

उरल्या दऱ्या आणि खिंडी. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या मागच्या बाजूला विभवाच्या दोन दऱ्या सापडतात. शाळेच्या फळ्यावर ऑक्सिजनवर ठिपक्यांच्या ज्या दोन जोड्या काढतात, त्यांचा माग इथे आकड्यांत लागतो: अमुक जागा, अमुक खोली. दुसरा रेणू जवळ येताना त्याची धन बाजू या दऱ्यांकडे वळते. हायड्रोजन बंध कुठे जुळेल याचा पहिला अंदाज त्या दहावीस ओळींच्या तक्त्यातूनच बांधता येतो. या कामासाठी १९९३ मध्ये गद्रे यांना रसायनशास्त्राचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. राजेंद्र शिरसाट यांच्यासोबत लिहिलेले त्यांचे ‘इलेक्ट्रोस्टॅटिक्स ऑफ ॲटम्स अँड मॉलिक्युल्स’ हे पुस्तक २००० मध्ये हैदराबादहून प्रसिद्ध झाले.

तक्त्याची आणखी एक जमेची बाजू नंतर पुढे आली. उतार-शून्य बिंदू शोधणारा प्रोग्रॅम एखादा बिंदू चुकवू शकतो, आणि सुटलेला बिंदू सहसा कोणाला कळत नाही. पण टोपॉलॉजीत एक जुने नाते आहे: शिखरे, दऱ्या आणि दोन प्रकारच्या खिंडी यांच्या संख्या ठरावीक चिन्हांनी मिळवल्या, तर उत्तर ठरलेले यावे लागते. ते आले नाही, तर यादीत काहीतरी राहून गेले. पुण्याच्या गटाने २००८ मध्ये विभवाच्या तक्त्यांना हा ताळा काटेकोरपणे लावून दाखवला. जमाखर्च जुळला नाही तर वही पुन्हा तपासायची, इतका साधा आणि इतका कडक नियम रेणूच्या नोंदवहीला मिळाला.

हे सगळे करायला यंत्राची ताकद लागत होती, आणि ती मिळवण्याची कथा त्याच आवारात घडली. ऐंशीच्या दशकात भारताने अमेरिकेकडे मोठा क्रे संगणक मागितला. मिळाला तो त्याहून लहान आणि फक्त हवामानाच्या अंदाजासाठी, दिल्लीत. तेव्हा देशातच महासंगणक बांधण्यासाठी १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या संस्थेची स्थापना झाली, विजय भटकर तिचे पहिले प्रमुख. संस्थेचे कामकाज पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीच्या आवारातून चाले. एक अवाढव्य प्रोसेसर मिळत नसेल, तर अनेक लहान प्रोसेसर जोडून काम वाटून द्यायचे, असे ठरले. ब्रिटिश कंपनीच्या टी८०० ट्रान्सप्युटर चिपांवर बांधलेला ‘परम ८०००’ १९९१ मध्ये उभा राहिला.

क्वांटम रसायनाला अशी वाटणी मानवते. लक्षावधी समाकलने एकमेकांवर अवलंबून नसतात. ज्याला जी दिली त्याने ती करावी. गद्रे, शिरसाट आणि अजय लिमये यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ट्रान्सप्युटरांच्या जोडणीवर रेणूंचे गणित समांतर चालवून दाखवले. परदेशातून आलेला तयार प्रोग्रॅम चालवणे वेगळे आणि घरच्या यंत्रासाठी प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ स्वतः लिहिणे वेगळे. ज्याने ओळ न् ओळ लिहिली, त्यालाच आपल्या आकड्यात काय काय गृहीत धरले आहे हे नेमके ठाऊक असते.

त्याच तिघांनी १९९४ मध्ये मोठ्या रेणूंसाठी ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ ही पद्धत मांडली. रेणू मोठा असेल, तर त्याचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे कापायचे, प्रत्येकाचे गणित स्वतंत्रपणे करायचे आणि मग इलेक्ट्रॉनांच्या घनतेची माहिती शिवून अख्ख्या रेणूचे चित्र मिळवायचे. पुढे या पद्धतीने कोलेस्टेरॉलसारखे रेणू आणि पाण्याच्या रेणूंचे मोठमोठे समूह हाताळले गेले. अशा निकालात नोंदीची जबाबदारी वाढते, कारण तुकडे कुठे कापले हे सांगितल्याखेरीज दुसऱ्याला ती शिवण तपासता येत नाही.

तक्ता जाणकाराचे समाधान करतो, पण विद्यार्थ्याला चित्र लागते. ते दाखवणारी परदेशी सॉफ्टवेअर महाग होती आणि आपल्या तक्त्यातल्या दऱ्या-खिंडी त्यांत हव्या तशा दाखवता येतीलच असे नव्हते. म्हणून लिमये आणि गद्रे यांनी ‘युनिव्हिस-२०००’ हा दृश्यांकनाचा प्रोग्रॅम पुण्यातच तयार केला; त्याची माहिती २००१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आली. रेणूचे गोळे-काड्यांचे रूप, घनतेचे पृष्ठभाग, विभवाचे रंग असे सगळे पडद्यावर फिरवून बघता येऊ लागले. ऋण भाग लाल, धन भाग निळा, ही रंगांची रीत आता जगभर रूढ आहे.

मात्र या चित्रांपासून जपून राहायला हवे. घनतेचा पृष्ठभाग ०.००१ या किमतीला काढला, तर रेणू गुबगुबीत दिसतो, ०.०१ ला काढला तर तोच रोडावतो. रंगपट्टीची टोके जवळ आणली तर फिकट निळा गर्द होतो. पृष्ठभागाची किंमत आणि रंगपट्टीची टोके खाली न लिहिलेले चित्र कितीही देखणे असले, तरी पुरावा म्हणून त्याला मोल नाही. शोधपत्रिकांनी अशी चित्रे सरळ परत पाठवावीत.

पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सौरव पाल यांनी कपल्ड-क्लस्टर या अतिशय अचूक पद्धतीवर काम उभे केले. पवईच्या आयआयटीत राघवन सुनोज यांचा गट सेंद्रिय अभिक्रिया कशा घडतात ते संगणकावर उलगडतो. त्यांना २०१९ चा भटनागर पुरस्कार मिळाला. या क्षेत्रातल्या आजच्या शोधनिबंधांसोबत लांबलचक पुरवणी जोडलेली असते आणि तिच्यात प्रत्येक रचनेच्या प्रत्येक अणूचे निर्देशांक दिलेले असतात. रचना स्थिर असेल तर सगळ्या कंपनांच्या वारंवारता वास्तव हव्यात, संक्रमण अवस्था असेल तर नेमकी एक काल्पनिक हवी. हेही तिथेच नोंदवतात. ही रुक्ष पाने फार थोडे लोक वाचतात, पण निबंधाचा खरा आधार त्यांच्यातच असतो.

अजय लिमये पुढे ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत गेले आणि कॅनबेराला त्यांनी ‘दृष्टी’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. रेणूभोवतालच्या जाळीतल्या प्रत्येक बिंदूला जशी विभवाची किंमत असते, तशी सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक बिंदूला घनतेची असते. त्या आकड्यांतून आरपार बघत आकार शोधण्याचे आणि ते मांडून दाखवण्याचे काम ‘दृष्टी’ करतो. जीवाश्मांचे अभ्यासक तो वापरतात आणि दगडात अडकलेल्या प्राचीन माशांच्या कवट्या दगड न फोडता बघतात. प्रोग्रॅम मोफत आहे, नाव मराठी माणसाला न सांगता कळणारे.

गद्रे २०१० च्या सुमारास कानपूरला गेले, नंतर पुण्याला परतले. दऱ्या-खिंडी शोधण्याचे पुण्याचे तंत्र २०१५ मध्ये माद्रिदच्या गटाच्या ‘डॅमक्यूटी’ या प्रोग्रॅममध्ये सामावले. त्या निबंधावर स्पॅनिश नावांसोबत अनमोल कुमार, सचिन येवले आणि गद्रे यांची नावे आहेत. या प्रोग्रॅमचा मूळ कोड खुला आहे. मिरा रोडच्या घरात बसलेली एखादी एमएस्सीची विद्यार्थिनी तो साध्या लॅपटॉपवर उतरवून घेऊ शकते, पाण्याच्या रेणूमागच्या त्या दोन दऱ्या स्वतः मोजू शकते आणि शिखरे-दऱ्या-खिंडींचा ताळा जुळतो का, ते पडताळून पाहू शकते.